पट्टी मोकळी

बजरंग कुंजीरला विमानातलं काडीचं कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. लोणी काळभोरच्या पुढे माळाच्या कडेला विमान चालवायला शिकवणारी एक छोटी शाळा आहे. एक धावपट्टी, एक पत्र्याचा हँगर, चार-पाच चिमुकली विमानं आणि काचेची खोली डोक्यावर घेतलेला एक बुटका टॉवर. पुण्यातली बऱ्या घरची पोरं तिथं येतात, काळे चष्मे लावून आभाळात चकरा मारतात आणि खाली उतरली की गेटवरच्या टपरीवर वडापाव खातात. बजरंगचं काम जमिनीवरचं. ट्रॅक्टरच्या मागे कापणीचं यंत्र जोडायचं, पट्टीच्या दोन्ही अंगांचं गवत कापायचं, टिटव्या उठवायच्या, कुत्री हाकलायची. गवत वाढलं की किडे येतात, किड्यांमागे पाखरं येतात, आणि पाखरू विमानाला धडकलं की संपलंच. एवढं विमानशास्त्र त्याला पुरत होतं.

ती धावपट्टी त्याच्याच वावरातून गेली होती. म्हणजे एके काळी त्याच्या, त्याच्या बापाच्या. बापाने जमीन विकली, त्या पैशात मांजरीला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आला, सातबाऱ्यावरचं नाव गेलं. पण माणसाच्या डोक्यातलं वावर कोण कुणाला विकतो? बजरंग सकाळी गेटमधून आत शिरला, ट्रॅक्टरवर चढला, की डांबर आपोआप विरघळायचं. डावीकडे शाळू उभा राहायचा, पोटऱ्यात आलेला. उजवीकडे विहीर, तिच्यावर इंजिन फकफक करतंय. टोकाला आंबा. आंब्याखाली बा, पाय पसरून, तंबाखू मळतोय. बजरंग डोळे उघडे ठेवूनच हे सगळं बघायचा आणि गवतही सरळ रेषेत कापायचा. दोन्ही एकदम कसं जमतं म्हणाल, तर ज्याने बैलांमागे दिवस काढलेत त्याला विचारा.

टॉवरमध्ये बसायच्या तनुजाताई आगाशे. कसबा पेठेतून स्कूटरवर यायच्या, हडपसरच्या गर्दीतून निघून टॉवरचे जिने चढेपर्यंत त्यांची जीभ चांगली परजलेली असायची. विमानांशी त्या इंग्रजीत बोलत आणि बजरंगशी वॉकीटॉकीवर मराठीत. नवीन होत्या तेव्हा एकदा त्यांनी विचारलं,

"बजरंगराव, आपण आत्ता नक्की कुठे आहात?"

"आंब्यापाशी, म्याडम."

"इथे आंबा नाही."

"हुता, म्याडम."

"होता हे ठिकाण माझ्या नकाशावर नाही. पट्टीच्या कुठल्या टोकाला ते सांगा, आणि आज सांगा."

पण बाई हुशार. महिना-दोन महिन्यांत त्यांनाच आंबा कुठे ते पाठ झालं, विहीर पाठ झाली, चिंचेचा बांध पाठ झाला. मग स्वतःच म्हणायच्या, "विहिरीपाशी थांबा, एक विमान उतरतंय. आणि विहिरीत पडू नका." बजरंग एकटाच ट्रॅक्टरवर हसायचा. आपलं वावर आपल्याशिवाय आणखी कुणाला तरी दिसतंय, याचं त्याला फार बरं वाटायचं. घरी बायकोला, शकूला सांगायचा, "बाई तिखट हाय, पर हाय चांगली."

पट्टी ओलांडायचा नियम साधा होता. आधी टॉवरला विचारायचं. टॉवर हो म्हणाला की न थांबता पलीकडे जायचं. पूर्ण पलीकडे गेलं की सांगायचं, "पट्टी मोकळी." हे दोन शब्द ऐकल्याशिवाय तनुजाताई विमानाला उतरू देत नसत.

शाळेचे मुख्य रणजित सर वर्षातून एकदा सगळ्या गाडीवाल्यांना समोर बसवून हेच समजावायचे. टँकरवाला, झाडूवाला आणि बजरंग. सर म्हणायचे, "मोठमोठ्या विमानतळांवरसुद्धा हे होतं. कधी आगीचा बंब, कधी सामान ओढणारी गाडी, कधी पट्टी झाडणारी गाडी विमानाच्या वाटेत येते. आणि चौकशीला बसलं की गाडीवाला आणि वैमानिक दोघेही छातीवर हात ठेवून सांगतात, मला परवानगी होती. खोटं कुणीच बोलत नसतं. एकाला वाटलं आपण गेलो, दुसऱ्याला वाटलं तो गेला. त्या वाटण्यात माणसं जातात, समजलं?" बजरंग मान डोलवायचा. मन मात्र तेव्हा हुरड्याच्या आगटीपाशी बसलेलं असायचं.

आता म्हसोबाचं सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिथं आहे.

वावराच्या मधोमध, चिंचेच्या बांधाला लागून कुंजीरांचा म्हसोबा होता. शेंदूर फासलेला नारळाएवढा दगड. बजरंगचा बाप औत घेऊन तिथं आला की थांबायचा. नुसता थांबायचा नाही, पुढे होऊन बैलांच्या गळ्यातली घुंगरं मुठीत धरायचा. देवापुढे आवाज नको. एक क्षण सगळं गप्प, मग हात जोडून नांगराचं पुढचं तास. लहानगा बजरंग बांधावर बसून ते बघायचा. वाऱ्यानेसुद्धा थांबावं असा तो क्षण असायचा.

पट्टी झाली तेव्हा सगळा गाव म्हणाला, म्हसोबा रोलरखाली गेला, डांबराखाली गाडला गेला. बाप त्याच दुखण्याने खंगला, असंही म्हणाले. आई, तुळजाबाई, काही म्हणाली नाही. बजरंगला शाळेत नोकरी लागली त्या दिवशी मात्र तिने त्याला समोर बसवून सांगितलं, "त्या जागंवरनं जाशील तवा हात जोडल्याबिगर फुडं जायचं न्हाय. बा थांबायचा तसं थांबायचं. वचन दे." त्याने दिलं. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी घरात पाय ठेवतो न ठेवतो तोच तिचा प्रश्न यायचा, "जोडलंस का हात?" आणि बजरंग म्हणायचा, "जोडलं." ते ऐकलं की म्हातारी आपल्या कोठीला पाठ टेकून डोळे मिटायची.

ती कोठी म्हणजे एक प्रकरणच होतं. तुळजाबाईच्या माहेरची पत्र्याची धान्याची कोठी. फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा लिफ्ट चालू झाली नव्हती. बजरंग आणि दोन भाऊबंद ती तिसऱ्या मजल्यावर चढवताना अर्धमेले झाले होते. "आये, धोंडं भरल्यात का काय ह्यात?" बजरंग जिन्यात बसून धापा टाकत म्हणाला होता. "बाजरी हाय," म्हातारी म्हणाली, "आन् कोठी माज्या माहेरची हाय, हलकी कशी असंल?" शकूने पुढे दहादा सांगून पाहिलं की ही अडगळ काढू, वॉशिंग मशीनला जागा होईल. म्हातारी ढिम्म. दर अवसेला कोठीला हळदकुंकू, वर उदबत्ती. घरची लक्ष्मी म्हणून कुणी काही बोललं नाही.

तर बजरंग रोज पट्टी ओलांडायचा, आणि पलीकडच्या कडेला, जिथं डांबर संपून गवत लागतं, तिथं म्हसोबाच्या जागेपाशी आला की ट्रॅक्टर बंद करायचा. देवापुढे यंत्र धडधडत ठेवायचं नाही. तिथं ट्रॅक्टरचं पुढचं तोंड गवतात असायचं आणि मागचं कापणीचं यंत्र, चांगलं हातभर रुंद पाती असलेलं, अजून डांबरावर असायचं. बजरंग वॉकीटॉकी उचलायचा, म्हणायचा, "पट्टी मोकळी, म्याडम," आणि तेही बंद करून सीटखाली ठेवायचा. घुंगरं मुठीत धरल्यासारखं. मग हात जोडायचा.

खोटं बोलतोय असं त्याच्या मनातही यायचं नाही. हे नीट समजून घ्या, नाहीतर माणसाला उगाच लबाड ठरवाल. बजरंगचा हिशेब असा होता की बापाने जमीन विकली, म्हसोबाची जागा विकली नाही. देवाची जागा कधी विकता येते का? मग ज्या क्षणी आपण म्हसोबापाशी आलो, त्या क्षणी आपण पट्टीवर नाहीच. आपण देवाच्या वावरात. पट्टी मोकळी. टॉवर लांब होता, तिथून एवढं बारीक दिसायचं नाही. विमानं मोजकी होती. वर्षानुवर्षं काही झालं नाही, आणि न झालेल्या गोष्टीवर माणसाचा केवढा विश्वास बसतो!

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळी धुकं पडलं होतं आणि हळूहळू उठत होतं. गवतावर दव, दवावर ऊन, सगळा माळ दुधात बुडवून काढल्यासारखा. कोथरूडची अवनी नावाची एक पोरगी हँगरपाशी येरझारा घालत होती. बजरंगने तिला एकदा हुरडा खायला दिला होता, तेव्हापासून ती त्याला काका म्हणायची.

"काका, आज माझी फर्स्ट सोलो. एकटीच जाणार. जाम टेन्शन आलंय, यार."

"भ्यायचं न्हाय, पोरी," बजरंग ट्रॅक्टर पुसत म्हणाला. "खाली मी हायच की."

ती हसली आणि निघून गेली.

ऊन थोडं वर आलं, वरचं आभाळ निवळलं, अवनी उडाली. मग बजरंगने टॉवरला विचारलं, टॉवर हो म्हणाला, ट्रॅक्टर पट्टीवर चढला. जमिनीलगत धुक्याचा एक पट्टा अजून रेंगाळत होता, त्यात डांबर दिसत नव्हतंच. शाळूच दिसत होता. इतका स्पष्ट, की कणसांवरचे दवाचे थेंबही दिसावेत. तो म्हसोबापाशी आला. म्हणाला, "पट्टी मोकळी, म्याडम." वॉकीटॉकी बंद. इंजिन बंद. सगळं गप्प झालं. बजरंगने टोपी सारखी केली, हात जोडले, डोळे मिटले.

त्या दिवशी बा आला. एरवी लांब आंब्याखाली असायचा, त्या दिवशी अगदी जवळ, ट्रॅक्टरच्या पुढे उभा, हातात घुंगरं धरून. तंबाखूचा वास आला. बजरंगला वाटलं, डोळे उघडू नयेत. जरा थांबू दे त्याला. रोज लगेच जातो. लांब कुठेतरी भुंगा गुणगुणत होता, शाळूत भुंगे असतातच. भुंगा जवळ आला. फार जवळ आला. बा म्हणाला नाही काही, पण त्याने घुंगरं सोडून दिली.

बजरंगने डोळे उघडले, तर बाजूने, पट्टीच्या टोकाकडून, धुक्यातून दोन दिवे येत होते.

त्याचे हात जोडलेलेच राहिले. हलता येईना. विमान पट्टीला टेकायच्या बेतात होतं आणि ट्रॅक्टरचा मागचा भाग त्याच्या पंखाच्या वाटेत होता. आणि मग ते पाखरासारखं एकदम नाक वर करून उठलं. वाऱ्याचा लोट आला, टोपी उडाली, चाकं डोक्यावरून गेली, आणि काचेआडचा अवनीचा चेहरा त्याला दिसला. पांढराफटक. त्याला शपथेवर सांगता आलं असतं, तिनेही त्याचे जोडलेले हात पाहिले.

वर टॉवरमध्ये तनुजाताईंना धुकं फाटल्यावर ट्रॅक्टरचा तांबडा रंग दिसला होता, आणि त्या माइकमध्ये ओरडल्या होत्या. त्या ओरडल्या आणि पोरीने ऐकलं, म्हणून ही गोष्ट सांगता येतेय.

अवनी एक चक्कर मारून व्यवस्थित उतरली. उतरली आणि हँगरच्या भिंतीला धरून ओकली. रणजित सर धावत पट्टीवर आले, मागून तनुजाताई, हेडफोन गळ्यात तसाच लोंबत असलेला.

"काय झालं, बजरंगराव? गाडी इथे कशी?"

खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं की गेटमधून आत सोडणारा पास गेला. पास गेला की गेट बंद. आंबा, विहीर, बा, सगळं गेटच्या आत. आईला दिलेलं वचनही आतच. माणूस बुडायला लागला की हाताला येईल ते धरतो.

"ट्रॅक्टर बंद पडला हुता, सर."

"मला 'पट्टी मोकळी' असं ऐकू आलं," तनुजाताई म्हणाल्या. "त्याशिवाय मी तिला उतरायला सांगितलं नसतं."

सर बजरंगकडे वळले. "तुम्ही म्हणालात तसं?"

बजरंगने खाली बघितलं. डांबराची कड आणि गवत. "न्हाय," तो म्हणाला.

तनुजाताईंनी त्याच्याकडे बघितलं. एवढी जिभेची बाई, पण एक शब्द बोलली नाही. तेच त्याला जास्त लागलं. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तनुजा, तू आज घरी जा," सर म्हणाले. "उद्या सकाळी दोघेही ऑफिसात या."

संध्याकाळी बजरंग घरी आला. शकू लेकीच्या बाळंतपणाला सासवडला गेली होती, त्यामुळे घरात आई आणि तो. "जोडलंस का हात?" म्हातारीने विचारलं. "जोडलं," तो म्हणाला, आणि ताटावरून उठला. भाकरी तशीच राहिली. बाल्कनीत उभा राहून त्याने खूप विचार केला, म्हणजे एकच विचार पुन्हा पुन्हा केला. बाई माझ्यामुळं जाईल. जाऊ दे, शिकलेली हाय, दुसरीकडं काम मिळंल. मला दुसरीकडं वावर मिळंल का? असं म्हणायचं आणि मग तनुजाताई डोळ्यांसमोर यायच्या, 'विहिरीत पडू नका' म्हणणाऱ्या. आपलं वावर बघितलेलं जगात एकच माणूस उरलं होतं आणि त्यालाच आपण तोंडावर खोटं पाडलं, हे त्याला सहन होईना.

सकाळी तो लवकर पोचला तर स्कूटर आधीच उभी. टॉवरच्या पायरीवर एक पिशवी ठेवलेली. पिशवीत तनुजाताईंची बसायची उशी, पाण्याची बाटली, काचेच्या खोलीत ठेवलेलं मनीप्लँट. चौकशीच्या आधीच आवराआवर केली होती बाईंनी. पुणेरी माणूस, कुणी जा म्हणायची वाट कशाला बघेल?

बजरंगने ती पिशवी उचलली आणि तशीच घेऊन ऑफिसात गेला.

"सर, म्याडमचं चुकलं न्हाय. मी म्हणलो हुतो. पट्टी मोकळी म्हणलो आन् पट्टीवरच थांबलो."

"का?"

मग त्याने सांगितलं. म्हसोबा, बा, घुंगरं, न विकलेली जागा. रणजित सरांचं तोंड उघडं राहिलं. "अहो, कुठला म्हसोबा? तिथे डांबर आहे!"

"डांबराखाली हाय, सर."

तनुजाताई खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

"रोज? रोज थांबत होतात तिथे?"

"व्हय."

"आणि रोज मी तुमच्या शब्दावर विमान उतरवत होते." एवढं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते. बजरंगला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. पोरीला 'खाली मी हायच' म्हणालो होतो, हे त्याला आत्ता आठवलं.

सर भले माणूस, ओरडले नाहीत. पण पास मागितला. बजरंगने गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. गेटमधून बाहेर पडताना त्याने मागे वळून बघितलं. धुकं होतं, पण शाळू दिसला नाही. नुसतं गवत दिसलं, आणि ते कापायला झालं होतं.

घरी यायला त्याने दुपार केली. मंडईपर्यंत बसने गेला, उगाच फिरला, कांद्याच्या ढिगापाशी उभा राहिला, परत आला. आईला काय सांगायचं? दारातच प्रश्न आला, "आज लौकर? जोडलंस का हात?"

"न्हाय जोडलं, आये." तो तिच्यासमोर फरशीवर बसला. "आन् आता कदी जोडता याचं न्हाय."

सगळं सांगितलं. विमानाची चाकं डोक्यावरून गेली तेही सांगितलं. म्हातारी ऐकत गेली आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा मातीसारखा झाला. मग तिने दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले.

"आरं माज्या कर्मा! माजं लेकरू मारलं असतं मी! कोठी उघड."

"आँ?"

"उघड म्हणते न्हवं! बाजरीत हात घाल."

बजरंगने झाकण काढलं. कोपरापर्यंत हात बाजरीत गेला आणि बोटांना काहीतरी गार लागलं. लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं. त्याने ओढून वर काढलं, फडकं सोडलं. शेंदूर काळवंडला होता, पण दगड तोच. नारळाएवढा. कपाळावरची खोलगट खूणही तीच, लहानपणी तो तिच्यात ज्वारीचा दाणा ठेवायचा.

"रोलर यायच्या आदल्या दिशी आणला," तुळजाबाई रडत रडत सांगू लागली. "दुपारी मानसं भाकरी खात हुती, शेणाच्या पाटीत घालून डोक्यावर घितला. तुज्या बाला म्हणलं असतं तर त्यानं आणू दिला नसता. देव हलवू न्हाय म्हणायचा. मग त्यो खचला आन् गेला. मला वाटलं माज्यामुळंच. कुनाला सांगू?"

"मग मला रोज कशापायी थांबवलंस? तिथं तर काय न्हवतंच!"

बजरंगचा आवाज चढला. आईवर तो कधी ओरडला नव्हता. इतकी वर्षं रिकाम्या डांबराला हात जोडले, त्यापायी एक पोर मरायची राहिली, एका बाईची अब्रू जायची राहिली, आणि देव इथं बाजरीत बसलाय!

म्हातारीने पदराने नाक पुसलं. "तुजा बा थांबायचा तितं. मला वाटायचं, येकटाच उभा असंल. कुनीतरी रोज जरा थांबावं त्याच्यापाशी."

बजरंगने शेंदराला चिकटलेले बाजरीचे दाणे पुसले. दगड मांडीवर घेऊन बसला. कालचा तंबाखूचा वास त्याला आठवला, आणि घुंगरं सोडून देणारे हात आठवले. थोड्या वेळाने तो लहान पोरासारखा आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. तीही रडली. बाजरी सगळ्या घरभर सांडली होती, ती मग दोघांनी मिळून भरली.

पुढच्या रविवारी दारावरची बेल वाजली. तनुजाताई. हातात पेरूंची पिशवी. "गेटवरून पत्ता काढला. तुमच्या सोसायटीत पार्किंगला जागा नाही, आणि वॉचमन झोपलेला आहे," हे त्यांचं आल्या आल्याचं बोलणं. मग म्हणाल्या, "नोकरी आहे अजून. अवनी पुन्हा उडतेय. नवीन माणूस ठेवलाय ट्रॅक्टरवर, त्याला आंब्यापाशी थांब म्हटलं तर वेड्यासारखा वर बघतो."

बजरंग हसला, मग मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, म्याडम. लई चुकलं."

"हो. चुकलंच," त्या म्हणाल्या. खोटं समाधान करायची त्यांना सवय नव्हती. मग बजरंगने कोठीत निघालेल्या म्हसोबाचं सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, "दाखवा तरी, कुणासाठी एवढं केलंत."

बाल्कनीत तुळशीशेजारी वीट मांडून त्यावर म्हसोबा बसवला होता. नवा शेंदूर, समोर झेंडू. तुळजाबाई बाजूला पाटावर. तनुजाताई चपला काढून पुढे गेल्या. हात जोडणार तोच थांबल्या. पर्समधून मोबाईल काढला आणि बंद केला. आत पंखा घरघरत होता, त्यांनी वळून त्याचंही बटण खाली केलं.

सगळं गप्प झालं. लांब पूर्वेला कुठेतरी एक छोटं विमान चकरा मारत होतं, त्याची गुणगुण ऐकू येत होती. ती जवळ आली, लांब गेली. बजरंगने या वेळी डोळे मिटले नाहीत.

तनुजाताई मागे सरल्या. "झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

बजरंगने वॉकीटॉकी धरल्यासारखी मूठ तोंडाशी नेली. थट्टा करायची म्हणून नेली होती, पण हसला नाही.

"पट्टी मोकळी, म्याडम."

"नक्की?"

"व्हय. आता खरंच मोकळी."

त्यांनी मान हलवली. "समजलं," त्या म्हणाल्या, आणि पंखा परत चालू केला.